भिंतीपलीकडचा माल

रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी झाली की सूनबाईला कामावरून घरी पोचायला हमखास उशीर व्हायचा. लोक फांद्या ओलांडून निघून जायचे. ही मात्र पर्स काखेत मारून खाली बसायची आणि पेन्सिलीहून बारीक, सरळ, सालीला भेगा पडलेल्या काटक्या निवडत राहायची. गुळगुळीत सालीची काटकी बोटभर लांब कापली तरी काटकीच दिसते. भेगाळलेल्या सालीची मात्र ओंडका दिसते. हे तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं.

त्या दिवशीही तिने मूठभर काटक्या निवडल्या, रबराने बांधल्या, आणि उठता उठता तिला आठवलं, की हे ओंडके आता दाखवायचे कुणाला? सासरे जाऊन महिना उलटून गेला होता. ही बातमी तिच्या हातांना कुणी सांगितलीच नव्हती.

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. सकाळी बसल्या होत्या तशाच. शेजारी ताट झाकलेलं, तेही सकाळचंच. सासरे गेल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. रडणं नाही, बोलणं नाही, नुसती खिडकीची चौकट धरून बसणं. सुनेच्या हातातल्या काटक्या पाहून मात्र त्या कितीतरी दिवसांनी आपणहून बोलल्या.

“अजून गोळा करतेस?”

“सवय हो, आई. टाकून देते.”

“टाकू नकोस.” जरा थांबून म्हणाल्या, “वाघिणी रिकाम्या उभ्या आहेत. ह्यांना रिकाम्या वाघिणी बघवायच्या नाहीत.”

मालगाडीच्या डब्याला रेल्वेवाले वाघीण म्हणतात. सासऱ्यांचा उभा जन्म मालधक्क्यावर क्रेन चालवण्यात गेला, त्यामुळे त्यांच्या तोंडी तोच शब्द. निवृत्त झाल्यावर त्यांनी जिन्याखालच्या अडगळीला लागून असलेल्या खोलीत, टेबलं जोडून, खेळण्यातली म्हणावी एवढी छोटी पण हुबेहूब रेल्वे मांडली. पहिल्याच दिवशी बायकोला हाक मारून म्हणाले, “घरात आजवर एकच वाघीण होती. घे, तुला सोबत आणली.” सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्या खोलीला पडदे शिवून दिले.

खोली लहान, रुळांचा फेरा काही पुरा होईना. तेव्हा मुलाने भिंतीला दोन भोकं पाडून दिली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, भिंत फोडणं त्याच्या हातचा मळ. एका भोकातून गाडी अडगळीत शिरायची, तिथल्या अंधारात वळसा घ्यायची आणि दुसऱ्या भोकातून बाहेर यायची. न दिसणाऱ्या त्या वळणाला सासरे ‘पलीकडे’ म्हणत. इथून भरलेल्या वाघिणी पलीकडे जायच्या आणि पलीकडून रिकाम्या यायच्या. भरलेली गाडी भरलेलीच परत आली तर तिला मालगाडी कशाला म्हणायचं, मिरवणूक म्हणा, असं त्यांचं म्हणणं.

त्यासाठी ते स्वतः अडगळीत स्टूल टाकून बसायचे. प्रत्येक मालाच्या पोटात सूनबाईने एक लोखंडी वॉशर दडवलेला असायचा. गाडी रांगत आत आली की सासरे काठीच्या टोकाला बांधलेलं लोहचुंबक मालावर धरायचे. टक. माल अलगद उचलला जायचा. म्हातारपणी त्यांचे हात इतके थरथरायचे की चहाची कपबशी वाजायची, पण काठी हातात आली की मनगट दगडासारखं स्थिर. क्रेनवाल्याचं मनगट ते.

माल बनवणं मात्र त्यांना जमायचं नाही. ते काम सुनेचं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेण, कोरणी, बारीक घासकाम, खऱ्यासारखा रंग, हे सगळं तिच्या बोटांत होतंच. ओंडके, पाइप, ताडपत्रीखालची यंत्रं, भंगाराचे ढीग, काय म्हणाल ते ती बनवायची. सासरे तिला ‘ठेकेदार’ म्हणायचे आणि ती त्यांना ‘यार्डमास्तर’. आणि यार्डमास्तर कडक होते. एकदा कोळशावर गोंद जरा जास्त झाला, तर तो माल त्यांनी तसाच बाहेर धाडला. भिंतीपलीकडून आवाज आला होता, “ठेकेदार, कोळसा चकाकतोय. फसवायचं असेल तर बाजारात जा.”

तर त्या संध्याकाळी सूनबाईने काटक्या मापात कापल्या, कापलेल्या टोकांना चहाच्या पाण्याचा हात दिला, वॉशर बसवला आणि दोऱ्याने मोळी बांधली. रविवारी दुपारी सासूबाईंना हाताला धरून त्या खोलीत आणलं, पडदे सारले, आणि गाडी सोडली.

गाडी ठरल्या वेगाने भिंतीशी गेली. इंजिन आत शिरलं. मागोमाग ओंडक्यांची वाघीण अंधारात दिसेनाशी झाली. चाकांचा आवाज भिंतीमागून बारीक, पोकळ येऊ लागला.

मग... टक.

सूनबाईचा हात गाडीचा वेग कमीजास्त करायच्या नियंत्रकावरच राहिला. दुसऱ्या भोकातून इंजिन बाहेर आलं. त्यामागे वाघीण. रिकामी.

गाडी आपली फिरत राहिली. शेवटी सूनबाई उठली, टॉर्च घेतला, अडगळीचं दार उघडलं. आत स्टूल होतं, त्यावर धूळ. काठी कोपऱ्यात उभी, चुंबकाला कोळ्याचं जाळं. रुळाखाली, टेबलाखाली, जुन्या ट्रंकांमागे तिने हात घालून घालून पाहिलं. ओंडके कुठेच नव्हते. वास मात्र होता. सांध्यांना चोळायच्या मलमाचा आणि त्याखाली ग्रीसचा, जणू आत्ताच कुणी मलम चोळून बाही खाली केली असावी.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाईंचे डोळे ओले होते आणि त्या हसत होत्या.

“पोचला,” त्या म्हणाल्या. आणि मग, “भूक लागलीय गं.”

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी बायकोकडे आणि मग आईकडे पाहिलं.

“उंदीर असेल,” तो म्हणाला.

“उंदराला ओंडके कशाला?” आई म्हणाली. “घर बांधतोय का तो?”

लिफ्टवाल्याची जात शंकेखोर. त्याने अडगळीत दिवा लावून, स्वतः दाराशी बसून, रिकाम्या काड्यापेटीचं खोकं गाडीवर ठेवून पाहिलं. ते गेलं तसं परत आलं. तो विजयाने हसला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “रद्दी आहे ती. माल पाठव, मग बघ.” सूनबाईने काल बनवलेला पाइपांचा जुडगा ठेवला. गाडी वळणावर गेली तेवढ्यात दिवा क्षणभर मिणमिणला, आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे त्या मिणमिणण्यात जेवढं दिसलं तेवढ्यात, पाइप वाघिणीत नव्हते. त्याने दिवा बदलला, वायरिंग तपासलं. मग पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून अडगळीवरून जाताना तो नकळत पावलं हळू टाकू लागला, म्हातारं माणूस आत झोपलेलं असावं तशी.

घराला हळूहळू त्याची सवय झाली. खरं सांगायचं तर घर सुधारलं. सासूबाई जेवू लागल्या, केस नीट विंचरू लागल्या, भाजी महाग झाल्याबद्दल कुरकुरू लागल्या. आठवडाभर त्यांच्या डोक्यात एकच विचार असायचा, रविवारी काय पाठवायचं. शेवटच्या दिवसांत ह्यांना थंडी फार वाजायची, म्हणून कोळसा. मग ह्यांचाच राखाडी मफलर उसवून, त्या लोकरीच्या बोटाच्या पेराएवढ्या गासड्या. सूनबाई कोरणीने दाबून दाबून त्या घट्ट करायची, सासूबाई चष्मा लावून दोरा आवळायच्या. दोघी कामात असताना खोलीत गोंदाचा आणि चहाचा वास भरून राहायचा, आणि गाडी निघाली की दोघी एकदम गप्प होऊन त्या एका आवाजाची वाट बघायच्या.

एकदा कोळसा परत आला. टक झालंच नाही, वाघीण भरलीच्या भरली बाहेर आली. सूनबाईने वाकून पाहिलं. घाईत गोंद जास्त झाला होता, कोळसा चकाकत होता. ती खळखळून हसली. हसता हसता तिच्या मानेवर बारीक काटा आला, पण हसू काही थांबलं नाही.

मग एका रविवारी सासूबाईंनी दोरा खाली ठेवला.

“एक माणूस बनवशील?”

“गार्ड बनवू? हिरवा झेंडा देते त्याच्या हातात.”

“गार्ड नको. बाई. म्हातारी, बसलेली. शेजारी पिशवी.” त्या सुनेकडे बघत नव्हत्या. “माझी कवळी तू केलीस. माझं तोंड तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”

सूनबाईच्या हातातली कोरणी थांबली.

“नाही, आई.”

“अगं, मी काय आज म्हणते का. बनवून ठेव नुसती.”

“नाही बनवणार. वाघिणीत माल जातो. माणसं नाही जात.”

“लेकुरवाळी नाही मी, कुणाचं माझ्यावाचून अडलेलं नाही...”

“माझं अडतं,” सूनबाई म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. रागावल्या नाहीत, रुसल्या नाहीत. फक्त परत खिडकीशी जाऊन बसल्या. ताट परत झाकलेलं राहू लागलं.

पुढच्याच आठवड्यात सूनबाईला लॅबमध्ये चैन पडेना. दुपार होती, बाहेर ऊन नव्हतं, आभाळ राखेच्या रंगाचं. कुणाचं तरी दातांचं माप हातात होतं आणि मन घरी होतं. घरी आपल्या खणातलं गुलाबी मेण कमी झाल्यासारखं वाटलं होतं, ते का, हे तिला आत्ता, इथे बसून, उमगलं. ती तशीच निघाली.

घराचं दार उघडलं आणि तिला चाकांचा आवाज ऐकू आला.

सासूबाई रुळांसमोर खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतले कपडे, पायात बाहेर जायच्या चपला. हात नियंत्रकावर. आणि सपाट वाघिणीवर, इंजिनामागे, गुलाबी मेणाची एक म्हातारी भिंतीच्या दिशेने चालली होती. ओबडधोबड, एका खांद्याने वर. अंगाला सासूबाईंच्या जुन्या कपड्याची चिंधी, डोक्याला त्यांचाच एक पांढरा केस. शेजारी पिशवी.

“आई, थांबवा.”

“बस गं जरा,” सासूबाई म्हणाल्या. आवाज फार मऊ होता.

सूनबाईने भिंतीतली पिन ओढून काढली. नियंत्रकाचा दिवा विझला. गाडी थांबली नाही. वेग वाढलाही नाही, घटलाही नाही. ती आपल्या चालीने गेली, आणि सूनबाईचा हात पोचायच्या आत मेणाची म्हातारी अंधारात शिरली.

टक.

सासूबाईंनी एक श्वास आत घेतला. तो बाहेर आला नाही. नियंत्रकावरचा हात घसरून मांडीवर पडला. डोळे उघडे, भिंतीवर. सूनबाईने त्यांचा हात धरला. तो गार होत चालला होता, बोटांकडून मनगटाकडे, तिच्या मुठीतल्या मुठीत.

त्या क्षणी तिने डॉक्टरला का बोलावलं नाही, हे तिला नंतर सांगता आलं नाही. ती अडगळीच्या दाराशी गेली आणि दार उघडलं. आत नेहमीसारखा अंधार नव्हता. नेहमीच्या अंधाराला मागची भिंत असते. ह्याला नव्हती. मलमाचा वास खूप आतून येत होता.

“बाबा,” ती म्हणाली. तिने परत सुरुवात केली. “यार्डमास्तर... तो माल तपासा. माझ्या हातचा नाही तो.”

आत काही हललं नाही.

“नाक बघा. आईंचं नाक असं आहे का? खांदा बघा, एक वर एक खाली. मी असला माल कधी पाठवलाय तुम्हाला? मेणसुद्धा नीट घासलेलं नाही... कोळसा जरा चकाकला तर परत धाडत होतात. मग हा कसा घेतलात?”

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मालाचे दोष मोजत होती. रंग चुकला. चिंधीची शिवण उलटी. वजन एका बाजूला. दोष संपले तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकली आणि अगदी हळू म्हणाली, “बाबा... मला घरात एकटीला हे नाही जमणार. नाकारा ना.”

खूप वेळ काहीच नाही. मग आत, लांबवर, कुणीतरी लोखंडावर काहीतरी अलगद टेकवल्याचा आवाज आला. आणि चाकं.

ती धावत रुळांपाशी आली. गाडी दुसऱ्या भोकातून बाहेर येत होती. म्हातारी वाघिणीत होती. जाताना तिचं तोंड पुढे होतं, आता मागे, भिंतीकडे. आणि तिच्या गळ्याभोवती राखाडी लोकरीचा धागा होता, थंडीत बाहेर निघालेल्या माणसाला घरचं कुणी गुंडाळून देतं तसा दोनदा गुंडाळलेला.

सासूबाईंनी श्वास सोडला. मग खोकल्या. मग इकडेतिकडे पाहत, चपला घातलेल्या आपल्या पायांकडे पाहत, चिडून म्हणाल्या, “शेवटपर्यंत हट्टी तो हट्टीच.”

सूनबाई खाली बसली आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडली. सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. हात ऊबदार होत होता.

“भेटले?” सूनबाईने विचारलं.

“नीट दिसले नाहीत. उजेड फार कमी आहे गं तिथे. काठी दिसली. काठीनेच ढकललं मला, मेल्यानं.” त्या हसल्या. हसू जरा वेळाने विरलं. “ऊब होती मात्र. आपल्या कोळशाची.”

“मग बरं आहे ना त्यांचं.”

“बरं आहे.” सासूबाईंचा हात तिच्या केसांत थांबला. “पण ते एकटे नव्हते... मागे पुष्कळ जण होते. ओळखीचं कुणी नाही. बोलत नव्हते. सगळे नुसते रुळांकडे बघत उभे होते. माल यायची वाट बघत असावेत.”

नवरा घरी आला तेव्हा दोघींनी त्याला सगळं सांगितलं. ह्या वेळी त्याने उंदराचं नाव काढलं नाही. भोकं बुजवायची, असं त्याने ठरवलं आणि सासूबाई हो म्हणाल्या. फक्त एक गाडी जाऊ दे, म्हणाल्या. शेवटची. सगळ्यांना पुरेल अशी.

तो आठवडा तिघांनी मिळून कोळसा कुटला. नवऱ्याने चाळला, सूनबाईने गोंदावर पसरला, सासूबाईंनी प्रत्येक वाघीण खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि चकाकत नाही ना ते पाहिलं. घरात जितक्या वाघिणी होत्या तितक्या भरल्या. रविवारी दुपारी गाडी सोडताना नवरा पहिल्यांदाच भिंतीकडे बघून म्हणाला, “बाबा, येतो हं.” आणि मग ओशाळून म्हणाला, “म्हणजे, तसं नव्हे.” सासूबाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला.

गाडी आत गेली. टक. तो आवाज ओळखीचा होता, सावकाश आणि नेमका.

त्यानंतरचे आवाज तसे नव्हते. ते भराभर आले, एकावर एक, पुढचेमागचे, खालून, वरून. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते एका हाताचं काम नव्हतं. गाडी बाहेर आली तेव्हा सगळ्या वाघिणी रिकाम्या होत्या. तळाला कोळशाची भुकटीसुद्धा नव्हती. कुणी जिभेने चाटावं तसा तळ स्वच्छ होता.

नवऱ्याने त्याच दिवशी विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून भोकं बुजवली, वर रंग मारला. काही रूळ काढून, फेरा आवळून खोलीतल्या खोलीत वळवला. सासूबाईंनी मेणाची म्हातारी गळ्यातल्या धाग्यासकट आपल्या कपाटात ठेवली. त्या जेवत होत्या, कुरकुरत होत्या, शेजारणीकडे जाऊन बसत होत्या. सूनबाई अधूनमधून माल बनवायची, गाडीत घालायची, आणि स्वतःच्या हाताने उतरवायची. दिवस चांगले चालले होते.

अशाच एका दुपारी ती खोली झाडायला गेली. बुजवलेल्या भिंतीला अगदी चिकटून, जिथे आता रूळही पोचत नव्हते तिथे, एक वाघीण उभी होती. वाघीण घरातलीच. तिच्यावर माल होता.

तो सूनबाईने बनवलेला नव्हता. तिने हाक मारली तशा सासूबाई आल्या, नवरा आला. ताडपत्रीसारखं काहीतरी पातळ, करडं आवरण होतं. तिने चिमट्याने ते उचललं. खाली, आडवं ठेवलेलं, एक दार होतं. चौकटीसकट. बोटभर उंच. बिजागऱ्या हलत होत्या. इतकं बारीक काम सूनबाईने आयुष्यात केलं नव्हतं, आणि करू शकेल असं कुणी तिला माहीत नव्हतं. लाकूड कसलं ते ओळखू येईना. हाताला ते दमट लागत होतं.

“आपण भोकं बुजवली,” नवरा हळू आवाजात म्हणाला.

“परत पाठव,” सासूबाई म्हणाल्या. “नाकार. म्हणावं, मागवलेलं नाही.”

“कुठून पाठवू, आई?” सूनबाईने विचारलं.

सूनबाईने ते दार तळहातावर उभं धरून खिडकीशी नेलं. दाराला कडी होती, नखाच्या टोकाएवढी. ह्या बाजूला नव्हती, पलीकडच्या बाजूला होती. कडी आपल्या बाजूला यावी म्हणून तिने दार फिरवून धरलं.

कडी पलीकडच्या बाजूला होती.

तिने परत फिरवलं. नवऱ्याने हातात घेऊन पाहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. कसंही धरा, कुठूनही बघा, त्या दाराची कडी आपल्या बाजूला येत नव्हती.